निष्ठेची झडती

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे सिनेटर मॅक्स क्लेलंड यांनी १९६८ साली व्हिएतनामच्या रणभूमीवर आपले दोन्ही पाय आणि उजवा हात गमावला होता. २००२ साली ते सिनेटच्या फेरनिवडणुकीस उभे राहिले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या प्रचारात दूरचित्रवाणीवर एक जाहिरात दाखवण्यात आली. तिच्यात ओसामा बिन लादेन आणि सद्दाम हुसेन यांच्या छबी झळकत आणि मग क्लेलंड यांचे नाव व मुद्रा येई. देशाच्या संरक्षणाच्या कामी हे गृहस्थ राष्ट्राध्यक्षांच्या आड येत आहेत, असा तिचा मथितार्थ होता. नोव्हेंबरच्या मतदानात क्लेलंड पराभूत झाले.

हा आरोप कशावरून झाला, ते पाहण्यासारखे आहे. गृहसुरक्षेसाठी एक नवे खाते निर्माण करण्याचे विधेयक तेव्हा सिनेटपुढे होते. असे खाते असावे याविषयी क्लेलंड यांचे दुमत नव्हते. मतभेद होता तो खात्यातील हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकरीला संरक्षण राहावे की नाही, आणि संघटनेमार्फत वाटाघाटी करण्याचा त्यांचा अधिकार शाबूत राहावा की नाही, एवढ्यापुरता. कामगारांच्या हक्कासाठी दिलेले मत अशा रीतीने शत्रूला अनुकूल असे मत ठरले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इराकवर लष्करी कारवाई करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणाऱ्या ठरावाच्या बाजूने ऑक्टोबर २००२ मध्ये ज्या ७७ सिनेटरांनी मत दिले, त्यांत क्लेलंड होते. म्हणजे ज्याने देशासाठी आपले शरीर दिले आणि सरकारच्या युद्धालाही संमती दिली, त्याचीसुद्धा निष्ठा संशयातीत ठरली नाही.

युद्धकाळात परस्परांच्या देशनिष्ठेची झडती घेण्याचा जो उद्योग राजकीय पक्ष, वृत्तपत्रे आणि भाषणबाज मंडळी करीत असतात, त्याचे खरे स्वरूप या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. ही परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी घेतलीच जात नाही. परीक्षकच प्रश्नपत्रिका काढतो, तोच उत्तरे तपासतो आणि निकाल त्याने आधीच लिहून ठेवलेला असतो. म्हणून या परीक्षेला बसून आपली निष्ठा सिद्ध करण्याची धडपड व्यर्थ आहे. आणि तीच परीक्षा उलट प्रतिपक्षावर लादण्याचा मोह त्याहून घातक आहे. यातील दुसरी गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांना सांगणे अधिक अवघड, म्हणूनच अधिक आवश्यक आहे.

एक मत विरुद्ध चारशे वीस

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत जे वातावरण निर्माण झाले, ते समजण्याजोगे होते. जवळजवळ तीन हजार निरपराध माणसे एका सकाळी मारली गेली होती. शोक होता, क्रोध होता, भीती होती. १४ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहात बळाच्या वापराचा अधिकार देणारा ठराव आला आणि ४२० विरुद्ध १ मताने संमत झाला. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे होते. हल्लेखोरांना शासन होऊ नये, असे त्यांचे म्हणणे मुळीच नव्हते. मुदत नाही, प्रदेशाची मर्यादा नाही, असा कोरा धनादेश कोणत्याही राष्ट्राध्यक्षाच्या हाती देऊ नये, एवढेच त्या म्हणत होत्या. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि पोलीस संरक्षण घेऊन वावरावे लागले. पुढील वीस वर्षांत एकामागून एक आलेल्या राष्ट्राध्यक्षांनी तोच ठराव पुढे करून अफगाणिस्तानच्या सीमेबाहेरील अनेक देशांत लष्करी कारवाया केल्या. ज्या प्रश्नासाठी त्या बाईंना देशद्रोही म्हटले गेले, तो प्रश्न किती रास्त होता, याचे उत्तर काळाने दिले आहे.

त्याच महिन्यात व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याने लोकांनी काय बोलावे आणि काय करावे याबाबत जपून असावे, असा इशारा पत्रकारांसमोर दिला. डिसेंबरमध्ये महान्यायवादी जॉन अॅशक्रॉफ्ट यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना याहून पुढची मजल गाठली. नागरी स्वातंत्र्याच्या संकोचाची भीती जे दाखवतात ते दहशतवाद्यांनाच साहाय्य करतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ज्या अधिकाऱ्याने कायद्याचे रक्षण करावयाचे, त्यानेच कायद्याविषयी शंका काढणाराला शत्रूच्या रांगेत नेऊन उभे केले. मार्च २००३ मध्ये, इराकवरील स्वारीला फ्रान्सने विरोध केला म्हणून, प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहांतील बटाट्याच्या तळलेल्या कापांचे 'फ्रेंच' हे विशेषण काढून तेथे 'स्वातंत्र्य' हा शब्द बसवण्यात आला. हा प्रकार हास्यास्पद खरा, पण त्यातून जो संदेश जावयाचा होता तो गेलाच: बटाट्यालासुद्धा बाजू घ्यावी लागेल.

आरोपाच्या गलबल्यात हरवलेले प्रश्न

अशा आरोपांमुळे कोणाची मने दुखावली, हा गौण मुद्दा आहे. राजकारणात उतरलेल्या माणसाला शिव्याशाप सोसता आले पाहिजेत. आमची तक्रार वेगळी आहे. निष्ठेचा प्रश्न उपस्थित झाला की धोरणाचा प्रश्न आपोआप बाद होतो. 'हे म्हणणे खरे आहे काय?' असे विचारण्याऐवजी 'हे म्हणणारा कोणाचा?' असे विचारले जाते. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे टळते, त्याची किंमत शेवटी रणांगणावरील शिपायाला आणि ज्या भूमीवर युद्ध होते तेथील सामान्य माणसाला मोजावी लागते.

इराकचेच पाहा. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकी भूसेनेचे प्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीला सांगितले की, युद्धानंतर इराकमध्ये शांतता राखण्यास काही लाख सैनिक लागतील. संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी दोनच दिवसांत हा अंदाज साफ चुकीचा म्हणून उडवून लावला. सेनापतीचा अंदाज सरकारला गैरसोयीचा होता एवढाच त्याचा दोष. बगदाद पडल्यानंतर लुटालूट सुरू झाली, शस्त्रागारे उघडी पडली आणि बंडाळी माजली, तेव्हा शिन्सेकी यांचे म्हणणे सर्वांना आठवले. तोवर ते निवृत्त झाले होते.

ज्या संहारक अस्त्रांच्या नावाने हे युद्ध पुकारले गेले, त्यांचा साठा इराकमध्ये नव्हता, हे अमेरिकी सरकारनेच नेमलेल्या चार्ल्स ड्युल्फर यांच्या अहवालाने ऑक्टोबर २००४ मध्ये सांगितले. युद्धापूर्वी हाच प्रश्न विचारणाऱ्यांना सद्दामचे वकील म्हणून हिणवण्यात आले होते. सद्दाम क्रूर हुकूमशहा होता यात शंका नाही. परंतु सद्दाम क्रूर आहे या सत्यातून त्याच्याजवळ अस्त्रे आहेत हे सिद्ध होत नाही. एवढा साधा विवेक करण्याची उसंत निष्ठेच्या गलबल्याने एका बलाढ्य लोकशाहीला दिली नाही. २०११ च्या अखेरीस अमेरिकी फौजा परतल्या, तोवर चार हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि लाखाहून अधिक इराकी नागरिक प्राणांस मुकले होते.

टीकेमुळे लढणाऱ्या जवानाचे मनोधैर्य खचते, असे नेहमी सांगितले जाते. या संदर्भात डिसेंबर २००४ मध्ये कुवेतच्या छावणीत घडलेला प्रसंग बोलका आहे. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड सैनिकांशी वार्तालाप करीत असता एका साध्या शिपायाने उभे राहून विचारले की, आमच्या गाड्यांना चिलखत पुरेसे नाही म्हणून आम्हांला भंगारातून लोखंडी पत्रे वेचून लावावे लागतात, हे का? जमलेल्या जवानांनी या प्रश्नाला टाळ्या दिल्या. त्या टाळ्या ज्याला ऐकू आल्या असतील, त्याने मनोधैर्याची चर्चा पुन्हा करताना थोडे थांबावे. जवानाला पत्रा हवा होता. मायदेशी त्याच्या नावाने स्तुतिस्तोत्रे गाणारांनी तो पत्रा आधी मागितला असता, तर त्याला स्वतःला हात वर करावा लागला नसता.

शस्त्र आज या हातात, उद्या त्या हातात

हा रोग काही २००१ साली जन्मास आला नाही. अब्राहम लिंकन प्रतिनिधिगृहाचे तरुण सभासद असताना अमेरिकेचे मेक्सिकोशी युद्ध चालू होते. अमेरिकी भूमीवर अमेरिकी रक्त सांडले म्हणून युद्ध करावे लागले, असे राष्ट्राध्यक्ष पोक सांगत. डिसेंबर १८४७ मध्ये लिंकन यांनी ठराव मांडून विचारले की, रक्त सांडले ती जागा नेमकी कोणती, ते दाखवा. विरोधी पक्षाच्या पत्रांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली आणि त्यांच्या देशप्रेमावर शिंतोडे उडवले. पुढे सोळा वर्षांनी तेच लिंकन राष्ट्राध्यक्ष होते आणि यादवी युद्ध पेटलेले होते. मे १८६३ मध्ये ओहायोचे युद्धविरोधी पुढारी क्लेमंट व्हॅलॅंडिगॅम यांना त्यांच्या सेनापतीने एका भाषणावरून अटक केली आणि लष्करी न्यायासनापुढे उभे केले. लिंकन यांनी कैदेची शिक्षा बदलून त्यांना शत्रूच्या हद्दीत हाकलून दिले. गुलामगिरीच्या नाशाशी जोडले गेलेले लिंकन यांचे कार्य थोर होते आणि व्हॅलॅंडिगॅम यांचे राजकारण प्रतिगामी होते, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. तरीही आपल्या बाजूचे कार्य थोर आहे म्हणून विरोधकाचे तोंड बंद करण्याचा अधिकार मिळतो, हे तत्त्व एकदा मान्य झाले की ते थोरांच्याच हातात राहत नाही.

ते कोणाच्या हाती गेले, हे पहिल्या महायुद्धाने दाखवले. अमेरिकी समाजवाद्यांचे पुढारी युजीन डेब्स यांनी १६ जून १९१८ रोजी ओहायोतील कॅंटन गावी भाषण केले. युद्धे सत्ताधारी वर्ग पुकारतो आणि ती लढतो, मरतो तो श्रमिक वर्ग, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. त्यांनी शस्त्र उचलले नव्हते, शत्रूशी संधान बांधले नव्हते, कोणाला छावणी सोडून पळून जा असेही सांगितले नव्हते. एका भाषणाबद्दल त्यांना दहा वर्षांची सजा झाली आणि मार्च १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. तोवर युद्ध संपून चार महिने झाले होते. १९२० साली तुरुंगातूनच त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि नऊ लाखांहून अधिक लोकांनी त्या कैद्याला मते दिली. विल्सन यांच्यासारख्या उदारमतवादी म्हणवणाऱ्या अध्यक्षाने त्यांना माफी नाकारली. हार्डिंग या पुराणमतवादी अध्यक्षाने १९२१ च्या नाताळात त्यांची सुटका केली.

आणि येथे आमच्या वाचकांनी क्षणभर मुंबईकडे वळून पाहावे. कारण त्याच महायुद्धात, त्याच महिन्यात, नेमका हाच प्रश्न मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये उपस्थित झाला होता. १० जून १९१८ रोजी, म्हणजे डेब्स यांच्या भाषणापूर्वी सहा दिवस, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी तेथे युद्ध परिषद भरवली होती. राजनिष्ठेच्या ठरावावर बोलण्यास लोकमान्य टिळक उभे राहिले. आरंभी त्यांनी निष्ठा व्यक्त केली, आणि मग देशाच्या संरक्षणाचा प्रश्न स्वराज्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येणार नाही, असे प्रतिपादन सुरू केले. गव्हर्नरांनी त्यांना मध्येच थांबवले. येथे राजकीय चर्चा नको, असे बजावले. टिळक आणि त्यांचे सहकारी सभा सोडून बाहेर पडले. या अपमानाच्या निषेधार्थ त्याच महिन्यात मुंबईत सभा झाली, तिचे अध्यक्षस्थान गांधीजींनी स्वीकारले. आणि गांधीजी त्या सुमारास काय करीत होते? खेडा जिल्ह्यात गावोगाव पायपीट करून ते सैन्यभरतीचा प्रचार करीत होते. युद्धाला माणसे मिळवून देणारा माणूस युद्धकाळात प्रश्न विचारणाराच्या पाठीशी उभा राहिला. साहाय्य आणि प्रश्न या दोन्ही गोष्टी एका ठायी नांदू शकतात, हे विलिंग्डनला कळले नाही. आजच्या अनेक देशभक्तांनाही ते कळलेले नाही.

आपल्या बाजूचे पाप

येथवरचे वाचून आमच्या बहुतेक वाचकांनी मान डोलावली असेल. आता त्यांना थोडे अवघड वाटेल असे लिहावयाचे आहे.

सप्टेंबर २००७ मध्ये इराकमधील अमेरिकी फौजांचे सेनापती जनरल डेव्हिड पेट्रेअस काँग्रेसपुढे साक्ष देण्यास येणार होते. जादा फौजा पाठवल्याने परिस्थिती सुधारली की नाही, हा प्रश्न होता आणि तो अत्यंत महत्त्वाचा होता. साक्षीच्या पहिल्याच दिवशी एका युद्धविरोधी संघटनेने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली. जनरलांच्या आडनावावर कोटी करून 'आपला विश्वासघात करणारा' असे त्यांना सूचित केले होते. जाहिरातीत काही आकडे होते, काही मुद्दे होते. त्यांतील काही विचारात घेण्यासारखेही होते. ते कोणीच वाचले नाहीत. पुढील दहा दिवस देशभर चर्चा झाली ती त्या कोटीची. अखेर सिनेटने ७२ विरुद्ध २५ मतांनी जाहिरातीचा धिक्कार केला आणि ज्यांना युद्धाचा हिशेब द्यावयाचा होता ते हिशेब मागणाराकडून खुलासा मागू लागले. सहा वर्षे जो आरोप युद्धविरोधकांवर होत होता तोच त्यांनी उलटून फेकला, आणि त्या क्षणी त्यांनी आपल्या जवळचे सर्वांत मोठे धन गमावले. ते धन म्हणजे, आम्ही माणसाच्या निष्ठेविषयी बोलत नाही, धोरणाविषयी बोलतो, असे सांगण्याचा नैतिक अधिकार.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. युद्धाचे समर्थन करणाराला 'मग आधी स्वतःचा मुलगा आघाडीवर पाठवा' असे म्हणण्याची पद्धत युद्धविरोधकांत आहे. अमेरिकेत ती इराक युद्धाच्या काळात फार बोकाळली. या उद्गारात एक सत्य दडलेले आहे. १९७३ साली तेथील सक्तीची भरती थांबल्यापासून लढण्याचा भार स्वेच्छेने भरती होणाऱ्या थोड्या कुटुंबांवर पडला आणि निर्णय घेणारे बहुतेक त्या भारापासून मोकळे राहिले. तेव्हा युद्धाचा बोजा कोणावर पडतो, हा वर्गीय प्रश्न विचारलाच पाहिजे. परंतु ज्याच्या घरचा कोणी सैन्यात नाही त्याला युद्धाविषयी बोलण्याचा अधिकारच नाही, असे म्हणणे वेगळे. ते मान्य केले तर युद्ध आणि शांतता यांचा निर्णय केवळ गणवेशधारींनी घ्यावा, असाच निष्कर्ष निघतो. तो लोकशाहीवाद्याला मान्य होणार आहे काय? ही देखील निष्ठेचीच झडती होय. केवळ झडती घेणारा बदललेला असतो.

प्रतिपक्षातील माणूस कधीच बदलत नाही, असे गृहीत धरणे हाही याच दोषाचा भाग आहे. बटाट्याच्या कापांना 'स्वातंत्र्य' चिकटवण्यासाठी ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांत नॉर्थ कॅरोलायनाचे रिपब्लिकन प्रतिनिधी वॉल्टर जोन्स होते. त्यांच्या मतदारसंघात नौसैनिकांची मोठी छावणी आहे. तेथील एका मृत सैनिकाच्या अंत्यविधीला उपस्थित राहिल्यावर त्यांच्या मनात कालवाकालव सुरू झाली. पुढे अस्त्रांविषयीचे सत्य बाहेर आले. २००५ मध्ये त्यांनी फौजा परत आणण्याची मागणी केली आणि स्वपक्षाचा रोष पत्करला. मृत सैनिकांच्या कुटुंबीयांना त्यांनी आपल्या सहीची हजारो पत्रे पाठवली. युद्धाला दिलेल्या मताचे ते आपल्यापरी प्रायश्चित्त घेत होते. २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत हे काम चालू होते. २००३ साली त्यांच्यावर 'युद्धखोर' असा कायमचा शिक्का मारणाराने २००५ साली त्यांच्याशी कोणत्या तोंडाने हस्तांदोलन केले असते?

मर्यादा कोठे आखावी

मग युद्धकाळात कोणतेच बंधन नको काय, असा प्रश्न कोणी विचारील. बंधन हवेच. फौजांच्या हालचाली, तोफांची ठिकाणे, गुप्त संकेत उघड करणे हा अपराध आहे आणि त्यास शासन झालेच पाहिजे. परंतु अपराध कृतीने घडतो आणि तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो. अमेरिकेच्या घटनाकारांनी देशद्रोहाची व्याख्या घटनेतच केली ती यासाठी. देशाविरुद्ध युद्ध करणे किंवा शत्रूला चिकटून त्याला साहाय्य करणे एवढाच देशद्रोह. आणि तोही एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार किंवा न्यायालयापुढील कबुली असल्याखेरीज सिद्ध मानावयाचा नाही. इंग्लंडच्या राजांनी या आरोपाचा किती स्वैर वापर केला होता, ते त्या मंडळींना ठाऊक होते. शत्रूला साहाय्य हे शब्द आज व्यासपीठावर कोणीही कोणाविरुद्ध उच्चारतो. दोन साक्षीदारांची आठवण मात्र कोणाला होत नाही.

टीकेने युद्धप्रयत्न दुबळा होतो, या समजुतीलाही इतिहासाचा आधार नाही. मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजा नॉर्वेत मुसंडी मारत असताना ब्रिटिश पार्लमेंटने दोन दिवस आपल्याच सरकारवर कोरडे ओढले. चेंबरलेन यांचे मताधिक्य ८१ वर आले आणि १० मे रोजी त्यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी जर्मनीने हॉलंड आणि बेल्जियमवर चाल केली. आपल्याकडे नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध चालू असता संसदेचे अधिवेशन भरले आणि उघड चर्चा झाली. त्याच्या तोंडावर, स्वपक्षातूनही झालेल्या टीकेमुळे संरक्षण खाते सांभाळणाऱ्या कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे मराठी माणूस अभिमानाने म्हणू लागला. सह्याद्रीला ती वाट टीकाकारांनी मोकळी करून दिली होती, हे आपण सोयीने विसरतो.

त्या युद्धाचा दुसरा धडाही विसरू नये. लढाई संपली महिन्याभरात. ऑक्टोबर १९६२ मध्ये पुकारलेली आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले, ते चौदा दिवसांत जिंकले. त्यासाठी पुकारलेली आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत उठली नाही, आणि मध्यंतरी १९७५ साली तिच्यावर दुसरी लादली गेली. जयप्रकाशजींसारख्या माणसावर सैन्याला चिथावणी दिल्याचा ठपका ठेवला गेला आणि असंख्य कार्यकर्ते गजाआड गेले. युद्धकाळाची भाषा युद्धाबरोबर संपत नाही. सत्तेला ती सोयीची वाटू लागते आणि मग प्रत्येक मतभेदाला ती लावण्यात येते. दुसरीकडे, पहिली आणीबाणी चालू असतानाच ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत पंडित नेहरूंच्या सरकारवर पहिला अविश्वासाचा ठराव आला आणि डॉ. लोहियांनी तीन आण्यांचा हिशेब मांडला. ठराव फेटाळला गेला, देश मात्र तसूभरही दुबळा झाला नाही. देशातील गरिबाचे दैनिक उत्पन्न किती, याची चर्चा त्यामुळे सर्वतोमुखी झाली.

कार्यकर्त्यांनी काय करावे

सीमेवर तणाव वाढला की आपल्या गावांतही झडती सुरू होते. चौकात, एस.टी.च्या थांब्यावर, पतपेढीच्या ओट्यावर लोक विचारू लागतात, 'तुमचा पक्ष कोणाच्या बाजूचा?' अशा वेळी कार्यकर्ता गोंधळतो. एक तर तो समोरच्याहून मोठ्याने जयजयकार करतो, किंवा समोरच्याला युद्धखोरांचा दलाल म्हणून मोकळा होतो. दोन्ही मार्गांनी तो मूळ प्रश्नापासून पळतच असतो.

आमचे सांगणे एवढेच आहे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे, विचारणाराचे गोत्र मागाहून पाहावे, आणि शक्य तर पाहूच नये. प्रतिपक्षाचे वाक्य उद्धृत करावयाचे तर पूर्ण करावे. अर्धे वाक्य तोडून त्याला शत्रूच्या दावणीला बांधू नये. कोणी खरोखरच देशाविरुद्ध कृत्य केले असेल तर पुरावा घेऊन न्यायालयात जावे. पुरावा नसेल तर तो शब्द जिभेवर आणू नये. आपल्या पक्षाच्या बैठकीत ज्याचे मत वेगळे पडते, त्याला परक्याचा हस्तक म्हणण्याची जी सवय डाव्या चळवळीला जुन्या काळापासून जडली आहे, ती घरची झडतीही थांबवावी. जो पक्ष आपल्या सभासदाचे एकाकी मत ऐकून घेऊ शकत नाही, त्याला चारशे वीसांसमोर उभ्या असलेल्या एका मताचे कौतुक करण्याचा अधिकार नाही.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथील घराघरांतून माणसे सैन्यात गेली, इतकी की गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द जोडला गेला. अशा गावात जाऊन आमच्या कार्यकर्त्याने देशभक्तीवर व्याख्यान देऊ नये. तेथे ते कोणाला नको आहे. त्याने विचारावे की, बूट वेळेवर मिळतात काय, जखमी होऊन परतलेल्याचे निवृत्तिवेतन सुरू झाले काय, ज्या मोहिमेवर मुलगा गेला तिचा हेतू सरकारने सांगितला काय. ज्या घरातून मुलगा गेला आहे, तेथे या प्रश्नांना कोणी देशद्रोह म्हणणार नाही. आई तेच प्रश्न रोज मनात विचारीत असते. ते संसदेत मोठ्याने विचारले जावेत, यासाठीच तर आपण राजकारणात आहोत.